फिनमार्कमधले सगळेच लोक गेले नव्हते

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत नॉर्वेच्या नॉर्दर्न लाइट्स टूरवरचा लेख वाचला. फोटो मस्त होते, लेखही ओघवता होता, पण हामरफेस्ट आणि किर्केनेस या दोन गावांबद्दल जे लिहिलंय त्यावर पत्र टाकल्याशिवाय राहवेना. लेखात म्हटलंय की दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी माघार घेताना इथली सगळी वस्ती दक्षिणेला हलवली आणि गावं जाळली. आणि हामरफेस्टच्या एका फोटोखाली लिहिलंय, कोळ्यांची शेकडो वर्षं जुनी रंगीत घरं. फोटोखालचं तर साफ चुकलंय, कारण त्या गावात जर्मन निघून गेले तेव्हा स्मशानातलं एक छोटं चॅपल तेवढं उभं होतं, बाकी अख्खं गाव नंतर बांधलेलं आहे. ते एक वेळ सोडून देऊ, फोटोखालच्या ओळी घाईत टाकल्या जातात हे समजतं. पण वस्तीबद्दलचं सोडून देता येत नाही. फिनमार्क आणि त्याच्या लगतचा भाग, नॉर्वेच्या उत्तर टोकाचा साधारण ७५ हजार लोकांचा तो सगळा पट्टा, त्यातल्या ५० हजारांच्या आसपास लोकांना नेलं, आणि जवळजवळ २५ हजार लोक गेलेच नाहीत! म्हणजे तिघांतला एक. डोंगरात, गुहेत, खाणीत, मातीच्या झोपड्यांत लपून बसले, तेही आर्क्टिकच्या थंडीत. ही एवढी मोठी गोष्ट लेखातून अशी गाळली जावी याचं वाईट वाटलं.

माझा मुलगा उत्तर नॉर्वेत ट्रोम्सोला नोकरीला असतो, त्यामुळे आमचं तिकडे जाणंयेणं असतं आणि एका उन्हाळ्यात आम्ही गाडीने पार किर्केनेसपर्यंत जाऊन आलो. तेव्हा पाहिलेलं, ऐकलेलं आणि नंतर वाचलेलं असं मिळून लिहितेय. मी इतिहासाची प्राध्यापक वगैरे नाही, शाळेत भूगोल शिकवायचे.

आधी थोडं मागचं. नॉर्वे १९४० पासून जर्मनांच्या ताब्यात. अगदी वरचं टोक म्हणजे फिनमार्क, तिथून रशियाचं मुर्मान्स्क बंदर जवळ, म्हणून जर्मनांनी तिथे ढीगभर फौज आणून ठेवलेली, किर्केनेस हा त्यांचा मोठा तळ, आणि म्हणूनच रशियन विमानांनी त्या एवढ्याशा गावावर तीनशेच्या वर हल्ले केले. १९४४ च्या सप्टेंबरमध्ये फिनलंडने रशियाशी तह केला आणि जर्मनांचं गणित फिसकटलं. ७ ऑक्टोबरला रशियनांनी जोरदार हल्ला चढवला, जर्मन मागे सरायला लागले. सुरुवातीला लोकांना सांगत होते की आपणहून दक्षिणेला जा, पण फारसं कोणी हललं नाही. मग २८ ऑक्टोबरला हिटलरचा हुकूम आला, लिंगेन फियोर्डच्या (फियोर्ड म्हणजे डोंगरांत लांबवर घुसलेली खाडी) पूर्वेकडची माणसं सक्तीने बाहेर काढा, घरं जाळा, रशियनांना निवारा म्हणून काही मिळता कामा नये, आणि लोकांची दयामाया करत बसू नका. अंमलबजावणी करणारे दोघे, जनरल लोथार रेंडुलिक आणि नॉर्वेचा कारभार बघणारा टेरबोव्हेन. लोकांना वाटलेल्या पत्रकांतला सूर काय, तर आम्ही तुम्हाला बोल्शेविकांपासून, म्हणजे रशियन कम्युनिस्टांपासून वाचवतोय, आणि जे मागे राहतील ते घरदार नाही, खायला नाही, असे थंडीत मरतील. घर जाळणार तुम्हीच, गोठा जाळणार तुम्हीच, होडी बुडवणार तुम्हीच, आणि वर काळजी पण तुम्हालाच की आता हे बिचारे राहणार कुठे! चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

आता आपल्याला वाचताना वाटतं की मग जायचं ना गपचूप, जीव तरी वाचेल. पण त्यांच्या जागी बसून विचार करा. नोव्हेंबर तोंडावर आलेला, वर्षभराची बेगमी करून ठेवलेली, गाईला लागणारं गवत वाळवून गोठ्याच्या माळ्यावर भरलेलं, बटाटे तळघरात, मासे खारवलेले, सुकवलेले. तिकडच्या घराघरांत एकदोन गायी, थोड्या मेंढ्या आणि एक होडी एवढीच इस्टेट. हुकूम म्हणतो हातात मावेल तेवढं घ्या आणि निघा, वेळ कुठे काही तासांचा तर कुठे एकदोन दिवसांचा. गाय कुठे नेणार? मारावी लागायची. म्हातारी माणसं, तान्ही मुलं घेऊन मासेमारीच्या उघड्या होड्यांत खवळलेल्या समुद्रावरून जायचं, आणि पुढे कुठे टाकणार ते माहीत नाही. मोठ्या जहाजांत तरी काय सुख होतं, कार्ल आर्प नावाच्या एका मालवाहू जहाजात माणसं अक्षरशः कोंबली होती, रोगराई पसरली आणि काही जण वाटेतच गेले. शिवाय रशियन अगदी जवळ आलेत, आठवडाभर कळ काढली की सुटलो, असंही लोकांना वाटत होतं. पूर्वेकडच्यांचं हे गणित बरोबर आलं, पश्चिमेकडच्यांचं नाही आलं, ते पुढे सांगते.

किर्केनेसजवळ ब्योर्नेवाट्न नावाची लोखंडाची खाण आहे. तिच्या बोगद्यात गावातली आणि आजूबाजूची मिळून ३ हजारांच्या आसपास माणसं जाऊन राहिली. बॉम्ब वरून पडतायत म्हणून, आणि जर्मन धरून नेतील म्हणूनही. बोगदा म्हणजे काळोख, ओल, वरून टपटप पाणी, फळ्या ठोकून केलेले बाक नाहीतर जमिनीवरच अंथरूण, त्यात मुलांची आजारपणं, आणि बरोबर आणलेली गुरं. लोकांना सगळ्यात जास्त भीती कसली, तर जर्मन जाताना बोगद्याचं तोंडच सुरुंगाने उडवतील आणि सगळे आत गाडले जातील याची. त्या बोगद्यात १० बाळं जन्मली. हे वाचलं तेव्हा मी जरा थांबलेच, कारण आपल्याकडे बाळंतिणीला शेक-शेगडी, बाळाला धुरी, सव्वा महिना बंद खोली, डिंकाचे लाडू, आणि त्या बायकांच्या अंगावर खडकातून पाणी गळतंय, बाहेर तोफा, आणि बाळ रडलं तरी आजूबाजूला हजारो माणसं. कसं निभावलं असेल त्यांनी देव जाणे. २५ ऑक्टोबरला रशियन सैनिक बोगद्यापाशी पोचले आणि ही सगळी माणसं बाहेर आली. तोवर हिटलरचा तो हुकूम निघालाही नव्हता, पण गाव जाळून झालं होतं, किर्केनेसमध्ये मोजकीच घरं शिल्लक.

हा बोगदा नाही, पण किर्केनेस गावातच आंडेर्सग्रोटा नावाचा खडकात खोदलेला जुना आसरा आहे, हवाई हल्ल्यांच्या वेळी लोक तिथे पळायचे, तो आता पाहता येतो. आम्ही भर उन्हाळ्यात स्वेटर घालून उतरलो तरी थोड्याच वेळात पायाची बोटं गार पडली. माझे मिस्टर म्हणाले चल बाहेर, बास झालं. आमच्याबरोबरच्या टूरमधली काही मंडळी तर आत उतरलीच नाहीत, म्हणाली काय बघायचं त्यात, दगडच आहेत.

पण खरी परीक्षा झाली ती पश्चिमेकडे. रशियन फौज ताना नदीपर्यंत आली आणि थांबली. तिथून लिंगेनपर्यंतचा शेकडो किलोमीटरचा पट्टा हिवाळाभर कोणाचाच नाही, जर्मन मागे सरलेत पण त्यांच्या गस्ती आणि बोटी येतायत, रशियन पुढे येत नाहीत, नॉर्वेच्या स्वतःच्या सैन्याची छोटी तुकडी मुर्मान्स्कमार्गे आलेली, ती पुरणार किती? आणि त्या पट्ट्यात जे लोक आठवड्यापुरते म्हणून डोंगरात गेले होते ते महिनेच्या महिने तिथेच. कोणी गुहेच्या तोंडाला फळ्या आणि ताडपत्री लावून, कोणी होडी पालथी घालून तिच्याखाली, कोणी गाम्मेत. गाम्मे म्हणजे तिथल्या सामी लोकांची माती आणि गवताच्या ढेकळांची झोपडी, आत लाकडाचा सांगाडा, वर बर्फ पडलं की टेकाडासारखी दिसते, लांबून ओळखू येत नाही. जळलेल्या घराच्या राखेतून खिळे, पत्रे, चुलीचे तुकडे वेचून आणायचे आणि त्यातून स्टोव्ह उभा करायचा.

लपून राहण्यात सगळ्यात अवघड काय असेल? मला आधी वाटलं थंडी. पण तिथल्या आठवणी वाचल्या तर पुन्हा पुन्हा दोनच गोष्टी येतात, धूर आणि पावलं. चूल पेटवली की संधिप्रकाशात धूर दिसणार, रात्री पेटवली तर उजेड दिसणार, आणि न पेटवावी तर माणूस गारठून मरणार. ताज्या बर्फात पाण्याला गेलं की पावलांची ओळ थेट गुहेपर्यंत. म्हणून हवा खराब झाली, बर्फाचं वादळ सुटलं की हे लोक खूश, कारण ठसे पुसले जातात आणि गस्तीची बोट फिरत नाही. नोव्हेंबरच्या शेवटापासून जानेवारीच्या शेवटापर्यंत तिथे सूर्य उगवतच नाही, ते अंधाराचे दोन महिने म्हणजे आपल्याला शिक्षा वाटेल, ह्यांना तो आडोसा होता. गाय लपवलेली असेल तर ती हंबरणार हा आणखी एक घोर. ज्यांच्या झोपड्या सापडल्या त्या जाळून टाकल्या, माणसांना पकडून नेलं, काहींना गोळ्याही घातल्या. सामी लोकांना त्यातल्या त्यात पठाराची ओळख होती, बरेच जण रेनडिअरचे कळप घेऊन आत आत सरकत राहिले. त्यांच्या कारास्योक गावात तर १८०७ सालचं एक लाकडी चर्च तेवढं वाचलं. होनिंग्सवोगमध्येही तेच, फक्त चर्च उभं, नंतर परत आलेले पहिले लोक त्या चर्चमध्येच राहिले.

हामरफेस्टच्या समोर सोरोया नावाचं मोठं बेट आहे. तिथल्या गुहांमधून शेकडो लोक हिवाळा काढत होते, खाणं संपत आलेलं, जर्मन बोटी छापे घालतायत. शेवटी निरोप बाहेर पोचला आणि फेब्रुवारी १९४५ मध्ये दोस्त राष्ट्रांच्या चार विनाशिका, तीन ब्रिटिश आणि एक कॅनडाची, मुर्मान्स्कच्या बाजूने येऊन ५०० च्या वर माणसं उचलून घेऊन गेल्या. बायका, मुलं, म्हातारे, सगळे. तिथून त्यांना ब्रिटनला परतणाऱ्या काफिल्यातल्या मालवाहू जहाजांवर वाटून दिलं. त्यातलं एक अमेरिकन जहाज हेन्री बेकन, त्यावर १९ नॉर्वेजियन होते. वादळात ते काफिल्यापासून मागे पडलं आणि २३ फेब्रुवारीला जर्मन विमानांनी गाठलं, टॉर्पेडो लागला, जहाज बुडायला लागलं आणि धड लाइफबोटी पुरेशा नाहीत. पहिल्या बोटीत ह्या एकोणीस जणांना बसवलं. खलाशांनी आपल्या जागा सोडल्या, कॅप्टन जहाजाबरोबर गेला, वीसच्या वर खलाशी बुडाले, आणि ते एकोणीसच्या एकोणीस वाचले. सोरोयाच्या गुहेतून निघालेलं लेकरू स्कॉटलंडच्या धक्क्यावर उतरतंय, एकाच हिवाळ्यात. एवढं सगळं झालेलं आणि आपल्याकडे टूरच्या लेखात त्या बेटाचं नाव सुद्धा येत नाही.

पुढे न्यायाचं काय झालं तेही सांगायला हवं, कारण मला तरी ते पटत नाही. टेरबोव्हेनने ८ मे १९४५ ला स्वतःला स्फोटाने उडवून घेतलं. रेंडुलिकवर न्यूरेंबर्गला खटला चालला, १९४८ मध्ये निकाल लागला, आणि फिनमार्क जाळल्याच्या आरोपातून तो सुटला! कोर्टाचं म्हणणं असं की नंतर बघता एवढी जाळपोळ गरजेची नव्हती हे खरं, रशियन पाठलागावर आलेच नाहीत, पण त्या वेळी त्याला जे दिसत होतं त्यावरून त्याने प्रामाणिकपणे तसा निर्णय घेतला असेल तर चूक म्हणा, गुन्हा नाही. बाकीच्या आरोपांसाठी २० वर्षं झाली, ती १० वर आली, आणि १९५१ मध्ये साहेब बाहेर. कायद्याच्या अभ्यासकांकडे याचं 'रेंडुलिक रूल' म्हणून नाव सुद्धा आहे. १९४९ च्या जिनिव्हा कराराच्या ४९ व्या कलमात ताब्यातल्या मुलखातून लोकांना जबरदस्तीने हलवायला बंदी घातली, युद्ध थांबलं की परत आणून सोडा असंही म्हटलं, चांगलंच झालं. पण त्यातही लोकांची सुरक्षितता किंवा अगदी निकडीची लष्करी गरज असेल तर हलवता येतं अशी फट आहेच, आणि दोन्ही कारणं त्या पत्रकात होतीच की. आजही कुठल्या युद्धाच्या बातमीत लोक गाव सोडायला तयार नाहीत असं आलं की स्टुडिओतले तज्ज्ञ त्यांना अडाणी ठरवून मोकळे होतात, तेव्हा मला हे कलम आठवतं.

आणि गंमत बघा, युद्ध संपल्यावर पुन्हा हुकूम मोडायची वेळ आली, या वेळी स्वतःच्याच सरकारचा. सरकार म्हणत होतं इतक्यात जाऊ नका, घरं नाहीत, सुरुंग पेरलेत, आम्ही नीट आखणी करून नेतो. सरकारचं चूक नव्हतं, सुरुंगांनी खरंच माणसं गेली. पण १९४५ च्या उन्हाळ्यातच लोक मिळेल त्या होडीने परत यायला लागले, कोणी जर्मनांच्या सोडलेल्या बराकीत राहिलं, कोणी परत त्याच गाम्मेत. जाताना लोकांनी जमिनीत पुरून ठेवलेल्या वस्तू उकरून काढल्या, शिलाई मशीन, कपबशा, असलं सगळं. माझ्या मुलाच्या शेजारी एक आजी आहेत, त्यांच्या घरचे मूळचे तिकडचेच, त्यांच्याकडे आईवडिलांच्या तरुणपणाचा एकही फोटो नाही, आजीआजोबा दिसायला कसे होते ते त्यांना फक्त ऐकून माहीत. मी सहज माझ्या सासूबाईंचा लग्नातला फोटो मोबाइलवर दाखवला तर किती वेळ बघत होत्या. लोक परतल्यावर सरकारने ठरावीक नकाशे काढून दिले, त्यावरून साधारण एकाच धाटणीची घरं बांधली गेली, आणि तुमच्या फोटोत जी रंगीत घरं आहेत ती अशी पुनर्बांधणीतली आहेत.

आम्ही कोल्हापूरकर, आम्हाला युद्धातल्या विस्थापितांची गोष्ट अगदीच परकी नाही. रशियनांनी हाकलून सैबेरियाला नेलेले पोलिश लोक फिरत फिरत आमच्या वळिवड्याला आले, १९४३ ते ४८ पाचेक हजार माणसं तिथल्या कँपात राहिली, महावीर गार्डनमध्ये त्यांचा स्तंभ आहे, त्यांची मुलंनातवंडं अजून येतात. त्यांचं सगळं टिपून ठेवलंय, याद्या, फोटो, शाळेचे दाखले, कारण ज्यांना हलवलं जातं त्यांची कुठेतरी नोंद होते, हलवणाऱ्याकडे नाहीतर सांभाळणाऱ्याकडे. जे लपले त्यांची यादी कोण करणार, आपली नोंद होऊ नये हाच तर त्यांचा सगळा खटाटोप होता. फिनमार्कमधले २५ हजार हा आकडा सुद्धा म्हणूनच गोल आहे. आणि मला वाटतं लेख लिहिणाऱ्यांच्या हातून ते निसटले त्याचं कारणही हेच असणार, जर्मनांचा हुकूम कागदावर सापडतो, तो पुस्तकांत येतो, पुस्तकातून टूरच्या माहितीपत्रकात, आणि तिथून आपल्याकडे. हुकूम निघाला म्हणजे पाळला गेलाच असं आपण धरून चालतो.

तर विनंती एवढीच, की पुढच्या रविवारी छोटीशी चौकट टाकून फोटोखालची ओळ आणि वस्तीचं ते वाक्य दुरुस्त करावं. फार जागा लागणार नाही. आणि आपली मंडळी हल्ली भरपूर जातात तिकडे, त्यांच्यासाठी दोन गोष्टी. हामरफेस्टला पुनर्बांधणीचं एक संग्रहालय आहे, धक्क्यापासून चालत जाण्यासारखं, ते बघा. आणि किनाऱ्याने जाणारं हुर्टिगरुटेनचं जहाज किर्केनेसला काही तास थांबतं, बहुतेक टूरवाले तेवढ्या वेळात किंग क्रॅब खायला नेतात, नेऊ देत, पण तो आंडेर्सग्रोटाचा बंकरही तेवढ्यात बघून होतो, फक्त टूर मॅनेजरला आदल्या दिवशीच सांगून ठेवा, आणि पायमोजे जाड घाला.

आपली,
एक नियमित वाचक, कोल्हापूर